सलाम पोचतो, माफी पोचत नाही

मल्लीता, कर्केना बेट
४ मे

अरवा पोरी,

तुझ्या मन्नूबिया आजीचा सलाम. मी बोलतेय आणि महिला केंद्रातली मादाम सलूहा लिहितेय. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन तेच लिहायचं, माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि तिकडे तुझी बोटं टकटक वाजत असतात. मी अक्षरं शिकले नाही, पण बहिरी नाही. कागद हातात आला की माणसाला तो वाचावाच लागतो.

कामाचं बोलते. माझी धाकटी बहीण, तुझी खाला बेया, गेल्या वर्षीच्या ईदला मार्सेयहून आली होती. ईदच्या सकाळी खाऱ्या माशाबरोबर खायचा चरमूला तिनं केला. आमच्या आईचा चरमूला म्हणजे कांदा, मनुका आणि अर्धा दिवस मंद आच. ह्या बाईनं मनुकांऐवजी तिकडून आणलेला अंजिराचा मुरांबा ओतला आणि तासाभरात हात धुऊन मोकळी. मी बारा पाहुण्यांदेखत म्हणाले, "बेया, हा चरमूला नव्हे, ही तुमची फ्रेंच न्याहारी." बारा जण हसले. तेरावी हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं निघून गेली.

आता जुलैत तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. ती चौऱ्याहत्तरची, मी अठ्ठ्याहत्तरची. त्यानंतर बोट-जिने-प्रवास सगळं बंद, असं तिची सून म्हणते. मुलानं तिचं बारा जूनचं तिकीट काढून ठेवलंय, पण बाई येते म्हणत नाही. ह्या जूनमध्ये आली तर आली, नाहीतर यापुढे आम्ही एकमेकींना फोटोत बघायचं. फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि आलं असतं तरी तिनं माझा उचलला नसता.

म्हणून मी माफी मागायची ठरवलं. हो, मीच. हसून घे. मार्चमध्ये केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून सलूहानं माझी लांबलचक माफी लिहून पाठवली. सून तिला वाचून दाखवते. उत्तर नाही. एप्रिलमध्ये पुन्हा पाठवली. उत्तर नाही. पण दर शुक्रवारी मी "सलाम बेया" एवढंच पाठवते, त्याला अर्ध्या तासात "सलाम मन्नूबिया" येतं! म्हणजे बाई माझा सलाम घेते आणि माफी थुंकून टाकते.

केंद्रातलं नेट तुमच्या कंपनीचं. माझ्या नातीनं बसवलं म्हणून मी गावभर मिरवलेय. तेव्हा एवढंच सांग, माझी माफी तिच्यापर्यंत पोचते ना?

तुझी आजी


ट्युनिस
९ मे

आजी,

तुझ्या हातांचे मुके. तू माफी मागतेयस हे ऐकून आईच्या हातातली बशी पडली. मग तिनं पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं, खोटं वाटलं म्हणून.

काळजी करू नकोस, खाला बेया इतकी दुष्ट नाही. मोठे निरोप कधीकधी वाटेत अडकतात. तू असं कर, माफीचे तुकडे कर. एक वाक्य, एक निरोप. छोटे निरोप जातायत हे तर तूच म्हणतेस. सध्या एका दवाखान्याच्या जाळ्याचं काम अंगावर आहे, ते संपलं की नीट बघते. तोवर तुकडे.

तुझी अरवा

ता. क. पत्र वाचताना टकटक केली नाही.


मल्लीता
१३ मे

अरवा,

तुझ्या शहाणपणाला दृष्ट लागो.

तू सांगितलंस तसे तुकडे केले. मी बोलत गेले, सलूहा पाठवत गेली. "सलाम बेया." "मला त्या चरमूल्याबद्दल बोलायचंय." "त्यात मनुका नव्हत्या." "कांदा करपला होता." "आईनं तो कोंबड्यांना घातला असता." "हे सगळं खरं आहे." सहा तुकडे, सहाही टुणकन गेले. सातवा माफीचा. आता माफीचा तुकडा लहान कसा करू, तूच सांग. वाईट बोलायला तीन शब्द पुरतात, चांगलं बोलायला पाल्हाळ लागतं. मी म्हणाले, खरं असलं तरी बारा जणांदेखत बोलायचं नव्हतं, तू थकून आली होतीस, तुझे गुडघे दुखत होते, तरी तू माझ्या चुलीपाशी उभी राहिलीस, आणि असं बरंच. सलूहाचे डोळे भरून आले.

(भरून आले नव्हते. कांदा चिरून आले होते. — सलूहा)

ती काहीही लिहितेय, तू लक्ष देऊ नकोस. संध्याकाळी बेयाचं उत्तर आलं. "सगळं वाचलं. तिकीट रद्द करायला सांगितलंय."

सगळं वाचलं म्हणे! माझी एवढी माफी वाचून तिकीट रद्द! मग मीही गप्प बसले नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन तासभर बोलले. साठ वर्षांचं साठलेलं होतं. काल पुन्हा गेले, राहिलेलं बोलले. सलूहाची बोटं सुजली. त्याचंही उत्तर नाही. लाज वाटली असेल.

आजी


ट्युनिस
१६ मे

आजी,

चूक माझी झाली, आधीच बघायला हवं होतं. दवाखान्याचं काम बाजूला ठेवलं आणि मादाम सलूहाला फोन लावला. विचारलं, मोठा निरोप पाठवल्यावर पडद्यावर काय दिसतं? म्हणाल्या, "गोल चक्र फिरतं." मग? "मग लूद बोटीचा भोंगा होतो." मग? "मग काय, कॉम्प्युटर बंद करून धक्क्यावर जाते. बोटीतून कोण उतरतंय ते बघायला नको?"

आजी, तुमचं अख्खं बेट बोटीचा भोंगा झाला की हातातलं टाकून धक्क्यावर पळतं. त्या चक्राकडे आजवर कुणी शेवटपर्यंत पाहिलंच नाही. ते चक्र म्हणजे निरोप अजून निघालेला नाही. खालाला फक्त पहिले सहा तुकडे मिळाले. करपलेला कांदा आणि कोंबड्या. सातवा पोचलाच नाही.

आता का ते ऐक. कॉम्प्युटर कुठलाही निरोप खोक्यांत भरून पाठवतो. एका खोक्यात दीड हजार अक्षरं मावतात म्हण, आणि आपली अरबी अक्षरं फ्रेंचच्या दुप्पट जागा खातात. "सलाम" छोट्याशा खोक्यात जातो. माफीची खोकी काठोकाठ भरतात. शिवाय प्रत्येक खोक्यावर शिक्का असतो, "वाटेत फोडू नये". बेटापासून समुद्रापलीकडच्या स्फाक्सपर्यंतच्या टप्प्यात सुरक्षेसाठी प्रत्येक खोक्याला आणखी एक वेष्टन चढतं. वेष्टनासकट भरलेलं खोकं त्या टप्प्यात शिरत नाही. तिथं राउटर नावाचं यंत्र आहे. ते असं खोकं टाकून देतं आणि मागे चिठ्ठी पाठवतं, "मोठं झालं. चौदाशेपर्यंतच भरा." चिठ्ठी मिळाली की कॉम्प्युटर लहान खोकी भरतो, आणि काम होतं.

तुमच्या कॉम्प्युटरला ती चिठ्ठी मिळतच नाही. मध्ये कुणीतरी ती अडवतंय. म्हणून तो बिचारा तेच मोठं खोकं पुन्हापुन्हा पाठवत बसतो. मी शोधतेय.

खालाच्या सुनेलाही फोन केला. म्हटलं, माफी मी सांगते. सुनेनं ते आत ओरडून सांगितलं, आणि आतून खालाचा आवाज आला, "मन्नूबियाची माफी मन्नूबियाकडून घेईन. नातवंडांच्या हाती पाठवलेली नको." पण तिच्या मुलानं तिकीट अजून रद्द केलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

अरवा


मल्लीता
१९ मे

अरवा,

तुझं पत्र सलूहानं दोनदा वाचलं आणि मला एकदाच ऐकून कळलं. तिला अजून कळलेलं नाही.

(कळलं आहे. — सलूहा)

स्फाक्सच्या धक्क्यावर असंच असतं. मोठी लूद दुरुस्तीला गेली की छोटी लावतात. मग ताडाच्या झावळ्यांनी भरलेला ट्रक आला की फळीवरचा माणूस हात वर करतो, "उस्ताद, हा नाही मावायचा, दोन छोट्या गाड्या करून आण." उस्ताद शिव्या देतो, पण जातो आणि करून आणतो. तुमच्या धक्क्यावर काय होतं? फळीवरचा माणूस ट्रक समुद्रात ढकलतो आणि सांगायला माणूस पाठवतो. त्या माणसाला फाटकातला रखवालदार हाकलून देतो, "बाहेरच्यांना आत यायला बंदी." उस्ताद आपला वाट बघतोय. मग तसाच दुसरा ट्रक भरतो. बरोबर?

आता रखवालदाराचं बोल. तू लिहितेस, "मध्ये कुणीतरी". पोरी, तुझी आई लहानपणी भांडं फोडायची तेव्हा ती पण "कुणीतरी" म्हणायची. तुझ्या पत्रात सगळ्यांना नाव आहे, राउटरलासुद्धा. एका रखवालदारालाच नाही. त्याला तिथं उभं कुणी केलं?

सलूहा विचारतेय, एवढं तोंडावर विचारायचं का. लिही म्हटलं.

आजी


ट्युनिस
२२ मे, सोमवार

आजी,

मी.

दोन वर्षांपूर्वी केंद्राचं नेट बसवलं तेव्हा मी नोकरीत नवी होते. पहिलं स्वतंत्र काम, आणि तेही तुझ्या गावात. कुणी आत शिरलं, काही बिघडलं, तर तुझं नाक कापलं जाईल अशी धास्ती. बाहेरून चिठ्ठ्या अनेक तऱ्हेच्या येतात, त्यांतल्या काही लबाडांच्याही असतात. त्या निवडत बसण्यापेक्षा मी सरसकट सगळ्याच बंद केल्या आणि वहीत अभिमानानं लिहिलं, "मल्लीता: कडेकोट". तुझी माफी माझ्या कडेकोटानं गिळली, आजी. मागच्या पत्राच्या वेळीच मला संशय होता. लिहायचा धीर झाला नाही.

आता बदलते. गुरुवारी, पंचवीस तारखेला, दुपारी बारा वाजता दोन गोष्टी करणार आहे. एक, ती "मोठं झालं" म्हणणारी चिठ्ठी रखवालदारानं आत सोडायची. दुसरी तुला आवडेल. दोन कॉम्प्युटर बोलायला लागतात तेव्हा सुरुवातीलाच एकमेकांना सांगतात, "मला एवढी मोठी खोकी चालतात." तिथं आपला राउटर हळूच मध्ये पडतो आणि आकडा कमी करून पुढे सांगतो. लग्न जमवणारी बाई दोन्हीकडच्या मागण्या उतरवून सांगते ना, तसं. दोघांना वाटतं, समोरच्यालाच एवढं हवंय. खोकी पहिल्यापासून लहान भरली जातात, आणि चिठ्ठीची वेळच येत नाही.

तुम्ही काहीच करायचं नाही. बारानंतर कॉम्प्युटर सुरू केला की आजवर अडकलेले सगळे निरोप आपोआप, ओळीनं निघून जातील. माफी थेट खालाच्या हातात!

माफ कर.
अरवा


मल्लीता
२५ मे, गुरुवार

अरवा! सगळे?

तुझं पत्र आज दुपारच्या लूदनं आलं. सलूहानं तिथंच, धक्क्यावर उभ्या उभ्या वाचलं. तू रखवालदार निघालीस ह्याचं मला काही वाटलं नाही. घाबरून दार लावणारी पोरगी दार उघडं टाकून झोपणाऱ्या पोरीपेक्षा बरी. पण "अडकलेले सगळे निरोप" हे वाक्य आलं आणि माझ्या हातातली पावाची पिशवी पडली.

"सलूहा, सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे, अम्मी मन्नूबिया. माफी. आणि मग..."

"आणि मग?"

"मग त्या दोन दिवसांचं ते."

ते दोन दिवसांचं ते काय होतं, हे तू विचारायचं नाहीस. बहीण बहिणीला बोलते ते होतं. मी म्हणाले, "पळ! जाऊन पूस!" मी पुढे, सलूहा मागे. ह्या वयात मी त्या मीठ-गोदामाच्या चढावर पळाले, लोकांना वाटलं आग लागली. केंद्रात शिरलो. घाईत सलूहाला किल्ली लागेना.

"आधी सुरू कर, मग पूस!" मी ओरडले.

"तेच करतेय!"

तिनं सुरू केला. पडदा उजळला. चक्र फिरलं. आणि बाई गं, जिथं तीन महिने ते नुसतं फिरत होतं, तिथं एकेक टिचकी वाजायला लागली. टिक. माफी गेली. टिक. एप्रिलची गेली. टिक. सातवा तुकडा गेला. मी म्हणाले, "आता बंद कर!" सलूहा म्हणाली, "कुठलं बटण?" टिक. टिक. सगळं गेलं.

मग आम्ही दोघी बाकावर बसलो. सलूहा म्हणाली, "अम्मी, आपण सुरूच केला नसता तर काहीच गेलं नसतं."

तीस वर्षं मास्तरीण होती ही. हे तिला आता सुचतं.

तिकीट महिनाअखेरपर्यंत आहे म्हणाली होतीस ना? उद्याच त्या मुलाला फोन करून विचार. माझं नाव घेऊ नकोस.

आजी


ट्युनिस
२९ मे

आजी,

मी हसत नाहीये. थोडं हसतेय.

मुलगा म्हणाला, तिकिटाचा विषय आईसमोर काढायची हिंमत नाही. सुनेनं तीन दिवस फोन उचलला नाही, मग एवढंच लिहिलं, "त्या वाचून घेतायत. तिसऱ्यांदा. मला जेवायलाही उठू देत नाहीत." मी विचारलं, रागात आहेत का? ती म्हणाली, "कळत नाही. मध्येच म्हणतात, हे पुन्हा वाच."

नक्की काय लिहिलं होतंस? मादाम सलूहांना विचारलं तर म्हणाल्या, मी फक्त लिहिते, वाचत नाही. आई रोज संध्याकाळी विचारते. मला कामात चैन नाही. आधी मी तुझं बोलणं अडवलं, मग सगळंच सोडून दिलं. ह्यातली मोठी चूक कुठली ते मला ठरवता येत नाही.

अरवा


मल्लीता
१७ जून

अरवा पोरी,

आज पत्राला उशीर, कारण केंद्रात आता दोघी बोलतात आणि सलूहाचा लिहिता हात एकच आहे.

"माझा सलाम आधी लिही." हे बेया म्हणाली. लिहिलंय. ती बाजूच्या खुर्चीत बसलीय, दोन्ही पाय स्टुलावर, आणि प्रत्येक वाक्याला नाक खुपसतेय.

बारा तारखेच्या दुपारच्या लूदनं आली. आधी कुणाला कळवलं नाही. भोंगा झाला, सगळं गाव धक्क्यावर, मी पण. बघते तर व्हीलचेअरवर काळा चष्मा घालून एक बाई उतरतेय. फळीवरूनच ओरडली, "तुझ्या चपला शेळीनं खाल्ल्या होत्या! मी चोरल्या नव्हत्या! साठ वर्षं!" सगळं गाव ऐकत होतं. मी म्हणाले, "शेळी कुठल्या दारानं आत आली, ते सांग. दार कुणी उघडं टाकलं होतं?" तिथून जे सुरू झालंय ते अजून चालू आहे.

मी तिला विचारलं, "माफी मिळाली ना माझी?"

"मिळाली. तीन-तीन."

"मग?"

"ती सून वाचत होती तेव्हा मला झोप आली. पाठ केलेल्या नमाजासारखी होती. शिव्या सुरू झाल्या तेव्हा म्हटलं, हां, ही आली माझी बहीण."

आता ही बाई मागे लागलीय की त्या शिव्यांमधलं काय वाचून ती आली ते तुला कळवायचं. मी म्हणाले, नाही. ती सलूहाला म्हणाली, तू लिही. मी म्हणाले, लिहू नकोस. सलूहा म्हणाली, मी दोघींचं लिहिते.

(बेयाताईंनी सांगितलेलं: मी लग्न होऊन मार्सेयला निघाले, तेव्हा ही मला निरोप द्यायला आली नाही. जन्मभर मी धरून चालले की ही माझ्या नवऱ्यावर जळत होती. दुसऱ्या दिवशीच्या शिव्यांत, मुरांब्याच्या आणि चपलांच्या मधोमध, हिनं ओरडून लिहवून घेतलं होतं, "आणि तू गेलीस त्या दिवशी मी मीठ-गोदामामागे उभी होते, तुला आवाज येऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून! तुझी बोट दिसेनाशी होईपर्यंत! आणि तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, गाढवे!" एवढंच. — सलूहा)

सलूहा, तुझी बोटं पुन्हा सुजोत.

तर अरवा, तुला मोठी चूक कुठली ते ठरवता येत नाही म्हणालीस. ते तुझ्या कंपनीला ठरवू दे. वहीतलं ते "कडेकोट" तेवढं खोड. तुझ्या आईला म्हणावं, रविवारी ये, बेयाला बघून जा, पण आमच्या मध्ये बोलू नकोस. दोघींत सध्या तिसऱ्याला जागा नाही.

बेयाचं परतीचं तिकीट पंचवीस तारखेचं होतं. काल तिनं मुलाला फोन लावून घेतला आणि ओरडून सांगितलं, डॉक्टरला कळव, गुडघे पंधरा दिवस थांबतील. मुलाचा प्रश्न सलूहानं तिच्या कानाशी ओरडून सांगितला, "आई, कशासाठी?"

"अजून भांडण व्हायचंय," ती म्हणाली. "एकोणीसशे सत्तरपर्यंतच आलोय."

आजी, आणि बेया